माझी करणी आणि झुकिनीत पाणी

गेल्या पौष अमावास्येला आमच्या सोसायटीत करणी झाली. ती मी केली.

तसा हेतू नव्हता. पहाटे पाच वाजता मी सहा घरांच्या कड्यांना एकेक कापडी पिशवी अडकवली आणि अनवाणी, पावलं न वाजवता परत येऊन पांघरुणात शिरलो. प्रत्येक पिशवीत दोन झुकिन्या होत्या. चिठ्ठी मुद्दामच नव्हती. चिठ्ठीसकट दिलेल्या पिशव्या याआधी दोनदा परत आल्या होत्या, आणि दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यात आणखी कोणाच्या तरी घरचं अर्धं पपनस होतं. सात वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर पहिला मेसेज पडला : "दाराला कोणीतरी हिरवं काहीतरी बांधून गेलंय. हात लावू नका." सव्वासातला दुसरा : "आमच्याकडे पण." मग सातव्या मजल्यावरच्या काकू : "आज अमावास्या आहे." त्यानंतर ग्रुप एकदम गार पडला. रोज न चुकता येणारा शुभ सकाळचा गुलाबसुद्धा त्या दिवशी आला नाही.

या सगळ्याचं मूळ ॲबर्डीनमध्ये आहे.

माझा मामेभाऊ तिकडे असतो. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं गाव. जुलैतल्या दुपारीसुद्धा पारा अठरा अंशांच्या आसपास घुटमळतो, म्हणजे आपल्याकडे ज्या हवेत माणसं कानटोपी शोधतात त्या हवेत तिकडची माणसं चड्डीवर बागेत बसतात. अशा ठिकाणी त्याने परसात झुकिनी पिकवली आणि मला फोटो पाठवला. शेजारी मोजपट्टी ठेवून. खाली लिहिलं होतं, "दादा, एवढ्या थंडीतही!"

फळाचं मला काही वाटलं नसतं. मोजपट्टी लागली. भोसरी एमआयडीसीत मी एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. मापं हा माझा प्रांत. निवृत्तीनंतर तो प्रांत घरापुरता उरला होता आणि पोळीचा व्यास दोन दिशांनी व्हर्नियरने मोजल्यापासून घरात माझ्याशी बोलणं कामापुरतं झालं होतं. बायको म्हणाली, "गच्चीवर जा आणि काय मोजायचं ते मोजा."

तेव्हा मी झुकिनी लावली.

तयारीत मी काही कमी ठेवलं नाही. कुदळवाडीच्या भंगारातून निळी पिंपं आणली, अर्धी कापून त्यांची नऊ कुंडं केली. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने उसाच्या चिपाडावर आणि पालापाचोळ्यावर भाज्या पिकवायला शिकवलं, हे वाचलेलं होतं. म्हणून सोळा नंबरच्या थांब्याजवळच्या रसवंतीतून दोन पोती चिपाड स्कूटरवरून आणलं. पोत्यांबरोबर थेरगावातल्या यच्चयावत मुंग्याही आल्या. चेअरमन गच्चीवर येऊन बघून गेले.

"काका, स्लॅब गळणार नाही ना?"

"अजिबात नाही. खाली विटा ठेवल्यात."

"नाही, कारण स्लॅब आधीच गळतो. उद्या तो तुमच्यामुळे गळतो असं व्हायला नको."

आता हवामान. मामेभावाने सूचनांची यादीच पाठवली होती. बी घरात खिडकीशी उगवायचं, पंधरा-सोळा अंशांखाली ते उगवत नाही, नुसतं कुजतं. रोप बाहेर लावायचं ते थेट जूनमध्ये, हिवाची भीती गेल्यावर. माती तापावी म्हणून तिच्यावर काळं प्लॅस्टिक अंथरायचं. रात्री पांघरूण घालायचं. थोडक्यात, ऊब द्या. इकडे माझ्या पाकिटावर छापलं होतं : थंड हवामानात घ्या. म्हणजे स्कॉटलंडमध्ये बाईंना थंडी सोसत नाही आणि थेरगावात ऊन सोसत नाही. दोन भावांकडे पाळीपाळीने राहून एकाकडे बसलं की दुसऱ्याची गाऱ्हाणी सांगणारी एक आत्या आमच्याकडे होती, तिची मला फार आठवण झाली.

पण एकतीस वर्षं ड्रॉइंगप्रमाणे वागलेला माणूस मी. ड्रॉइंग ॲबर्डीनहून आलं होतं, त्यात काळं प्लॅस्टिक होतं, मी काळं प्लॅस्टिक अंथरलं. ऑक्टोबर महिना, आठव्या मजल्यावरची गच्ची. चौथ्या दिवशी रोपं वाफवून निघाली. आई वर आली, तिने पानं चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, "फोडणी घातली असतीस तर भाजी झाली असती."

यादीतली पुढची सूचना गोगलगायींची होती. तिकडे रातोरात येऊन कोवळी रोपं फस्त करणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय. त्यावर उपाय म्हणजे वाटीत बिअर ओतून मातीत पुरून ठेवायची, वासाने त्या येतात आणि बुडतात. नोव्हेंबरच्या मध्यावर मी दुसऱ्यांदा बी टोकलं आणि बिअर आणली. आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानासमोर उभा राहिलो, तेव्हा रांगेत पुढे आमच्याच सोसायटीचे खजिनदार निघाले. दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही.

"गोगलगायींसाठी आहे," असं मी घरी सांगितलं.

"आठव्या मजल्यावर गोगलगायी?" बायकोने विचारलं. "लिफ्टने येतात का?"

गोगलगायी आल्या नाहीत, पण दर सकाळी वाट्या रिकाम्या सापडायच्या. बाष्पीभवन म्हणावं तर रात्री तेरा अंश तापमान. तिसऱ्या रात्री मी टाकीमागे दबा धरून बसलो. साडेअकराला टाकीची पातळी बघायला म्हणून वॉचमन मामा वर आले. अत्यंत गरीब, खालमानेचा माणूस. त्यांनी टाकी बघितली नाही. गोगलगाय अन् पोटात पाय, ही म्हण ज्याने केली त्याने आमची गच्ची बघितलेली असणार. मी काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशीपासून फक्त वाट्या उचलल्या. मामांनी मात्र आठवडाभर माझ्याकडे बघण्याचं टाळलं आणि पाण्याच्या बाबतीत माझ्यावर मेहेरनजर ठेवली, ती पुढे उपयोगी पडली. आमच्याकडे २०१९च्या नोव्हेंबरपासून पाणी एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी नळ त्या दिवशी आम्ही माणसं, मधल्या दिवशी तत्त्वज्ञ. त्या मधल्या दिवशीही मामा मला दोन बादल्या काढून द्यायचे.

डिसेंबर लागला, थंडी पडली. पाकिटावरचं हवामान अखेर थेरगावात आलं. पवनेवरून सकाळी धुकं उठायला लागलं आणि माझी झुकिनी जी फोफावली ती अशी की एकेक पान सुपाएवढं. मग फुलं आली. भोपळ्याच्या फुलांसारखीच, पिवळीधमक.

फुलं आली ती सगळी नर. या घराण्याची रीतच आहे : एकाच झाडावर नर वेगळा, मादी वेगळी. नर लांब बारीक देठावर नुसता ऐटीत उभा असतो, मादीच्या फुलामागे बोटाएवढं फळ आधीपासून धरलेलं असतं. आणि बहुधा आधी येतात ते नर. बारा दिवस माझ्या गच्चीवर रोज सकाळी पंधरा-वीस नवरदेव पिवळे फेटे बांधून उभे राहायचे, दुपारी माना टाकायचे. आमच्या मूळ गावात सध्या लग्नाळू पोरांची हीच अवस्था आहे, निदान या पोरांना गुंठ्यांचा भाव कोणी विचारत नव्हतं. मी त्या फुलांची भजी करायला सांगितली. उत्तम झाली. तिथेच थांबलो असतो तर ही कथा सुखान्त होती.

तेराव्या दिवशी पहिलं मादीचं फूल उमललं. आणि त्या दिवशी नऊ झाडांवर मिळून एकही नर फुललेला नाही. कालपर्यंतचे सगळे भज्यांत गेलेले!

आठव्या मजल्यावर मधमाशी काही फिरकत नव्हती, तेव्हा मुलाच्या जुन्या रंगपेटीतला कुंचला मी तयार ठेवलाच होता. प्रश्न परागांचा होता. गच्चीबाग करणाऱ्यांच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला : "झुकिनीचे नर फूल तातडीने हवे. थेरगाव." रक्तदात्यांच्या चालीवर. पाच मिनिटांत ताथवड्याच्या एका ताईंचं उत्तर आलं, "दोन आहेत, या." मी स्कूटर काढली. ताईंनी स्टीलच्या डब्यात ओल्या कापसावर दोन फुलं ठेवून दिली, वर झाकण लावू नका म्हणाल्या, गुदमरतील. आठ वाजून वीस मिनिटांनी मी वऱ्हाड घेऊन निघालो.

सकाळी साडेआठला डांगे चौकात ज्याने कोणी वेळ घालवला आहे त्याला पुढचं सांगायला नको. अख्खं चिंचवड हिंजवडीला निघालेलं असतं. मी उलट दिशेने येत होतो, पण त्या वेळी चौकात दिशा अशी काही उरलेली नसते. नुसती गर्दी असते आणि जो तो तिच्यात आपापल्या श्रद्धेप्रमाणे उभा असतो. सिग्नल चार वेळा हिरवा झाला. आम्ही चारही वेळा त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. डबा पायाशी होता, मी दर अर्ध्या मिनिटाला वाकून आत बघत होतो.

शेजारच्या मोटारसायकलवरच्या पोराने हेल्मेटची काच वर केली. "काका, काय आहे डब्यात?"

"नवरदेव."

"आं?"

"नऊपर्यंत पोचायला हवा. नवरी दार लावून घेते."

त्याने काच खाली केली आणि गाडी जमेल तितकी पलीकडे घेतली.

पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. नवरीने खरंच दार लावून घेतलं होतं. मी पाकळ्या हलक्या हाताने उघडून कुंचला फिरवला. बायको कपडे वाळत घालायला वर आली होती. तिने मला फुलात तोंड घालून बसलेलं बघितलं, हातातली चादर झटकली आणि एवढंच म्हणाली, "अहो, निदान अंतरपाट तरी धरा." पाच दिवसांनी ते फळ टोकाकडून पिवळं पडलं आणि कुजलं. मी सवयीने वहीत नोंद केली : लॉट एक, नग एक, रिजेक्शन शंभर टक्के.

मग मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काय झालं कोण जाणे. नर आणि मादी एकाच सकाळी उमलायला लागले, मधमाश्यांना पत्ता सापडला, आणि उत्पादन सुरू झालं. माझ्या व्हर्नियरची धाव दीडशे मिलिमीटर. मामेभावाने सांगितलं होतं की पंधरा ते वीस सेंटीमीटरला तोड, म्हणजे कोवळी असते. हिशेब सोपा होता, व्हर्नियर पुरेनासं झालं की तोडायची. पण झुकिनीला रात्रपाळी असते. संध्याकाळी बाराची असलेली सकाळी सोळाची, आणि एक दिवस विसरलात की कोपरापासून मनगटापर्यंत. आठवडाभरात फ्रिजमधला भाज्यांचा खण भरला, मग दुधाचा कप्पा गेला. मग आईच्या औषधांची जागा गेली.

मी ॲबर्डीनला फोन लावला. "अरे, किती झाडं पुरतात एका घराला?"

"दोन. चार माणसं असली तरी दोन भरपूर. तू किती लावलीस?"

"नऊ."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली.

घरात खाण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. थालीपिठात किसून घातली, कोशिंबीर केली, भरीत केलं, घारग्यांत घातली, मुगाच्या डाळीत घातली. झुकिनीत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे काहीही केलं तरी शेवटी आमटी व्हायची. मुलगा म्हणाला, "बाबा, एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात तुम्ही दोन-दोन बादल्या वर नेऊन त्याचं हे करता. पाणीच प्यायलो असतो." यावर मला उत्तर सुचलं नाही. आईचा आक्षेप वेगळा होता. तिने सुरुवातीला काकडीसारखं टोक कापून घासून फेस काढून बघितला, चव घेतली आणि निकाल दिला, "दुधीच आहे. नीट जेवला नाही म्हणून असा राहिला."

"आई, दुधी नाही. झुकिनी. इटालियन नाव आहे. तिकडे भोपळ्याला झुक्का म्हणतात, त्यावरून. छोटे भोपळे."

"मग भोपळा म्हण की. एवढं झुकायला कशाला पाहिजे?"

भोपळा म्हटलं असतं तर निदान लोकांनी घेतला असता. ही माझी खरी अडचण होती. आपल्याकडे भोपळ्याला कोण परका म्हणेल? वास्तविक लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातला, समुद्र ओलांडून आलेला. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली ती म्हातारी पुस्तकातल्या चित्रात ज्या लाल भोपळ्यात बसून वाघाला चकवते, तो बघता तिचं वाहनसुद्धा इंपोर्टेडच होतं. पण त्याला नाव मिळालं, घारगे मिळाले, म्हणी मिळाल्या. माझ्या भाजीला साधी ओळख मिळेना. तळमजल्यावरच्या वहिनींनी पहिल्या दिवशी कौतुकाने घेतली, दुसऱ्या दिवशी विचारलं, "काका, ते जकूझी कसं करायचं?" तिसऱ्या दिवशी दार उघडलं नाही, आतून टीव्हीचा आवाज मात्र कमी झाला. मंडईतल्या भाजीवाल्याला मी विकत घेशील का म्हणून विचारलं, तर तो हात जोडून म्हणाला, "काका, ही हॉटेलवाले घेतात. आमच्या गिऱ्हाईक बाया काकडी समजून नेतात आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतात." खुशीने नेली ती फक्त पोरांनी. थेरगावात वेंगसरकर क्रिकेट अकादमी आहे, ऋतुराज गायकवाड तिथे शिकून मोठा झाला, त्यामुळे इथल्या पोरांना कुठलीही लांब वस्तू बॅटच दिसते. पार्किंगमध्ये पहिल्याच चेंडूला झुकिनीचे दोन तुकडे झाले. एक चेअरमनच्या गाडीच्या काचेवर गेला. त्याला चौकार दिला गेला.

फुकट भाजी देणं किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. एरवी माणूस मंडईत कोथिंबिरीची जुडी फुकट मिळावी म्हणून दहा मिनिटं भांडतो, पण दारात उभा राहून पिशवी पुढे केली की त्याच्या कपाळावर आठी येते : याला काय हवंय? एकाने तर सरळ विचारलं, "सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहताय का?"

अशा खचलेल्या मनःस्थितीत मामेभावाचा फोन आला. त्याने माहिती पुरवली की अमेरिकेत आठ ऑगस्ट हा दिवसच त्यासाठी राखून ठेवलाय. लोक रात्री शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळून जातात. "खरंच, दादा. गंमत म्हणून, पण ठेवतात." मी ऑगस्टपर्यंत थांबू शकत नव्हतो. फ्रिजचं दार चिकटपट्टीने बंद केलेलं होतं. मी कॅलेंडर न बघता दुसऱ्याच पहाटे सहा पिशव्या भरल्या.

तर ती अमावास्या.

साडेदहाला सोसायटीच्या ऑफिसात तातडीची सभा भरली. सहाही पिशव्या टेबलावर होत्या, त्यांना कोणीतरी चिमट्याने उचलून आणलं होतं. एका पिशवीवर लिंबू ठेवलेलं होतं. ते करणीवर उतारा म्हणून कोणीतरी नंतर ठेवलं होतं, पण आता मूळ करणीतलंच वाटत होतं. कोणी म्हणे बिल्डरचं काम, कोणी म्हणे शेजारच्या सोसायटीला आपली नवी कमान बघवत नाही. बी विंगची लिफ्ट तीन आठवडे बंद का, टँकर वेळेवर का येत नाही, कोणाच्या मुलीचं जुळता जुळता का मोडलं, सगळ्याचा उलगडा भराभर होत गेला. मग चेअरमन म्हणाले, "सीसीटीव्ही बघू." एवढं ऐकल्यावर मी उठलो. पडद्यावर पहाटे पाचला लुंगी सावरत अनवाणी चाललेला स्वतःला सगळ्यांबरोबर बघण्यापेक्षा कबुली बरी.

माझ्या कबुलीने कोणाला आनंद झाला नाही. उलट हिरमोडच झाला. लिफ्ट पुन्हा नुसती बंद पडलेली लिफ्ट झाली. सातव्या मजल्यावरच्या काकू तर हट्टाला पेटल्या : "तुम्ही केली नसेल, तुमच्या हातून झाली असेल. अमावास्येला झाली ती झाली. दृष्ट काढायलाच हवी. गेटवर कोहळा बांधा." ठराव एकमताने मंजूर झाला. कोहळा किती, तो आणायचा कोणी, खर्च कुठल्या खात्यातून, यावर मात्र चाळीस मिनिटं झाली. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात उभे असलेले वॉचमन मामा प्रथमच बोलले.

"गच्चीवर टाकीमागं एक हाय की. ह्यांचीच. लय मोठी झालीय."

टाकीमागे मी दबा धरून बसलो होतो तिथेच एक वेल पसरून पानांखाली लपलेली झुकिनी मला कधी दिसलीच नव्हती. मामांना दिसली होती. तीन किलो दोनशे ग्रॅम. साल कोहळ्यासारखीच टणक झालेली. व्हर्नियर तिच्यापुढे टूथपिकसारखं दिसत होतं. खजिनदारांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "फुकट ना?" मामांनी तिला काळा दोरा बांधला, हळद-कुंकू लावलं आणि दुपारी साडेबाराला ती थेरगावच्या रस्त्याकडे तोंड करून आमच्या गेटवर लटकली.

त्या संध्याकाळी टँकर वेळेवर आला. तिसऱ्या दिवशी लिफ्टचा माणूस आला. तो दहा दिवसांपूर्वीच बोलावलेला होता, पण हे सांगायला मी गेलो नाही.

फेब्रुवारीत माझ्या नऊही पिंपांवर भुरी आली. पानं पिठात बुडवल्यासारखी पांढरी झाली आणि आठ दिवसांत सगळा कारखाना बंद पडला. मी वही मिटली, फ्रिजचं दार धुतलं. आणि त्याच आठवड्यात दारावर टकटक व्हायला लागली. आधी सातव्या मजल्यावरच्या काकू. मग आतून टीव्हीचा आवाज कमी करणाऱ्या वहिनी. "काका, ती मोठी वाली आणखी आहे का? आमच्या दाराला हवी होती. ह्यांच्या प्रमोशनचं अडलंय."

"आता संपली, वहिनी. पुढच्या हिवाळ्यात."

"चालेल. नाव लिहून ठेवा. पण आमची चौकट जरा अरुंद आहे हं, एवढी जाड नको."

आजवर अकरा नावं झाली आहेत. काल संध्याकाळी मी व्हर्नियर आणि वही घेऊन तळमजल्यापासून सुरुवात केली. पहिल्या चौकटीची वरची फळी दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरने वेगळी भरली. वहिनींना तसं सांगितलं, तर त्यांनी आतून चहा आणला.